बॅस्कॉमच्या घराचा मनोरा

अमेरिकेला जाऊन आल्यापासून साताऱ्यात जो भेटतो तो नायगाराबद्दल विचारतो. नायगारा पाहिला. पाणी वरून खाली पडत होतं. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ सांगितलेलं आहे. मला सांगायचं आहे ते एका घराबद्दल. त्यात मी जेमतेम चार दिवस राहिलो, पण तीन महिन्यांच्या मुक्कामातलं दुसरं काहीही मला इतकं स्वच्छ आठवत नाही.

माझी उभी नोकरी बांधकाम खात्यात गेली. शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे जुन्या सरकारी इमारती तपासायचं काम होतं. शाळा, धर्मशाळा, कचेऱ्या, ब्रिटिशांच्या वेळचे डाकबंगले. इमारत राहण्याजोगी आहे की नाही, एवढंच सांगायचं. त्यामुळे मी कुठे गेलो की लोकांचे चेहरे उतरायचे, आणि त्याची मला सवय झाली होती. निवृत्त झालो, आणि २००६ च्या ऑगस्टमध्ये मुलीकडे, मुग्धाकडे, ॲन आर्बरला गेलो. ती तिथल्या विद्यापीठात संशोधन करते.

तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, माझ्या पुढे एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते. डॉक्टर सुधाकर आगटे. मूळचे वेंगुर्ल्याचे, सर्जन, निवृत्त. त्यांनी मला काय करत होतात असं विचारलं आणि मी सांगितलं. मसालेभाताचा डाव हातात तसाच धरून ते वळले.

"पडकी घरं बघता? मग माझं बघायला या. मात्र ते पडकं नाही."

मागच्या माणसानं भाताची आठवण करून दिली म्हणून ते पुढे सरकले. पण जाताना त्यांनी मुग्धाचा फोन नंबर घेतला आणि ऑक्टोबरात खरोखरच फोन केला.

सरोवराकाठचं गाव

ॲन आर्बरहून उत्तर-पश्चिमेला निघालो. मुग्धा गाडी चालवत होती. मेपलची झाडं एव्हाना पेटली होती. आपल्याकडे पळस असा एकटा पेटतो, इथे अख्खं रान. तासाभरानं त्याचंही काही वाटेनासं होतं. दुपारी मिशिगन सरोवराच्या काठी पोचलो. सरोवर हा शब्द मला कमी वाटला. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, फक्त वारा खारा नाही.

गाव लहान. एक मोठा रस्ता, त्यावर विटांच्या दुमजली इमारती, अर्ध्या बंद. नदी सरोवराला मिळते तिथे एके काळी लाकडाच्या गिरण्या होत्या, आता बोटी बांधायचा धक्का आहे. त्या रस्त्याच्या टोकाला, किंचित उंचावर, डॉक्टरांचं घर. गावाच्या तोंडी मात्र ते अजून बांधणाऱ्याच्या नावानं, बॅस्कॉमचं घर.

पहिल्या नजरेत मला ते आवडलं नाही. मी दगडी, चौकोनी, स्पष्ट बोलणाऱ्या इमारतींत वाढलेला माणूस. हे घर एकाच वेळी दहा गोष्टी सांगत होतं. एकही बाजू दुसरीसारखी नाही. पुढून वळसा घालून बाजूला गेलेला रुंद पोर्च, त्याला कातीव खांब. भिंतींवर लाकडाच्या लहान फळ्या माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या. बाहेर आलेल्या खिडक्या, उभी-आडवी छपरं, नक्षीदार विटांची धुराडी. आणि या सगळ्याच्या कोपऱ्यावर एक गोल मनोरा, तिन्ही मजले चढून गेलेला, डोक्यावर काळ्या दगडी पाट्यांची टोकदार टोपी. तिकडे या शैलीला क्वीन ॲन म्हणतात. त्या राणीचा आणि या घरांचा फारसा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनीच पुढे सांगितलं.

डॉक्टर पोर्चमध्ये उभेच होते. त्यांच्या मागून त्यांच्या पत्नी, शालिनीवहिनी, बाहेर आल्या. ठेंगण्या, अंगात स्वेटरवर स्वेटर. मुग्धाला जवळ घेत त्या म्हणाल्या, "आधी चहा पिऊ दे हो त्यांना. घर कुठे जात नाहीये."

"चहा होईपर्यंत खालचा मजला दाखवतो," डॉक्टर म्हणाले, आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेले.

आत गेलो आणि मी माझं मत थोडं मागे घेतलं. समोर रुंद जिना. ओकचं लाकूड, आणि ते असं चिरलेलं की त्याच्या रेषांतून वाघाच्या अंगावरच्यासारखे चट्टे उमटावेत. पहिल्या वळणावर रंगीत काचांची मोठी खिडकी, त्यातून दुपारचं ऊन पायऱ्यांवर लाल आणि हिरवं सांडलेलं. दिवाणखाना आणि जेवणघर यांच्यामध्ये भिंतीत सरकणारी दारं, इतकी जड, पण बोटानं ढकलली की जात. प्रत्येक खोलीत वेगळ्या रंगाच्या फरशांची फायरप्लेस. दिवे असे की एकाच झुंबरात वरच्या तोंडाला गॅस आणि खालच्या तोंडाला वीज. त्या काळी विजेवर कुणाचा पूर्ण विश्वास नव्हता.

"बॅस्कॉम तरुणपणी हातात कुऱ्हाड घेऊन आला," डॉक्टर सांगू लागले. त्यांचा आवाज बदलला. घरचीच एखादी जुनी हकीकत सांगावी तसं ते सांगत होते. "हिवाळ्यात पाइन तोडायचे, बर्फावरून ओंडके नदीपर्यंत घसरत आणायचे, वसंतात नदीला पूर आला की सोडून द्यायचे. इथे गिरणीत फळ्या पडायच्या आणि जहाजानं शिकागोला जायच्या. या माणसानं अर्धं शिकागो बांधलं म्हणतात. गंमत बघा, दिवेकर. स्वतःच्या घरात त्यानं पाइन कुठे वापरला?"

मी इकडेतिकडे पाहिलं. ओक, चेरी, अक्रोड, कुठे महोगनी.

"नोकरांच्या खोल्यांत," डॉक्टर म्हणाले. "पाइन विकायचा. घरात लावायचा नाही."

एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा घर बांधून झालं, आणि जवळपास त्याच सुमाराला जंगलही संपलं. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. बॅस्कॉम मेला, मुलं कॅलिफोर्नियाला गेली. त्यानंतर घरात बरीच वर्षं अंत्यसंस्काराचा व्यवसाय चालला. मग नर्सांचं वसतिगृह झालं, मग खोल्या-खोल्या करून भाड्यानं दिलं, मग ते ओस पडलं. गावच्या दवाखान्यात सर्जन म्हणून आलेल्या आगट्यांनी ते घेतलं तेव्हा ओकच्या सगळ्या कामावर हिरवा ऑइलपेंट होता आणि दिवाणखान्यात खारी राहत होत्या. वीसेक वर्षं सुट्टीचा प्रत्येक दिवस डॉक्टरांनी तो हिरवा रंग खरवडण्यात घालवला. दिवसा माणसं, संध्याकाळी लाकूड.

चहाच्या वेळी वहिनींनी त्याच इतिहासाची दुसरी बाजू सांगितली.

"इथे इतकी मढी येऊन गेली म्हटल्यावर मी म्हटलं, शांत केल्याशिवाय चूल पेटवणार नाही. डेट्रॉइटकडून एका गुरुजींना आणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अहो, इतक्यांची शांत एकदम नाही होत."

"मग काय केलंत काकू?" मुग्धानं विचारलं.

"काय करणार? पाच दिवस हॉटेलातलं खाल्लं आणि सहाव्या दिवशी केला वरणभात. मढ्यांनी काही त्रास दिला नाही हो. त्रास थंडीचा."

रात्रीच्या जेवणाला सरोवरातला पांढरा मासा होता. कोकम आणि तिरफळ घालून केलेलं कालवण. तिरफळं भावानं वेंगुर्ल्याहून पाठवलेली. मी पहिला घास घेतला आणि काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "कळलं ना? मासा चांगलाय, पण ह्याला समुद्र माहीत नाही." बरोबर तिथल्या आंबट चेरीचा मेथांबा होता. तो मात्र कैरीच्या मेथांब्याला खाली बघायला लावील असा होता, आणि हे मी सातारकर असून लिहितो आहे.

दोन विनंत्या

पहाटे कुणीतरी माझ्या खोलीचं दार जोरजोरात ठोठावायला लागलं. "आलो, आलो" म्हणत मी उठलो, शाल गुंडाळली, दार उघडलं. बाहेर कुणी नाही. पुन्हा ठोकाठोक. शेवटी लक्षात आलं, खिडकीखालचा लोखंडी रेडिएटर वाजत होता. बेसमेंटमधल्या बॉयलरची वाफ नळांतून वर चढताना असा आवाज होतो. आता जाग आलीच होती म्हणून मी मागच्या, नोकरांच्या अरुंद जिन्यानं स्वयंपाकघरात उतरलो. वहिनी उठलेल्या होत्या. त्यांनी कढईत पोह्यांची फोडणी टाकली होती. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलायला सुरुवात केली.

"भावजी, तुम्हाला ह्यांनी कशाला बोलावलंय ते मला माहीत आहे. आज तुम्ही घर तपासणार. माझं एक ऐकाल?"

"सांगा ना."

"घर धोक्याचं आहे म्हणून सांगा. राहण्याजोगं नाही म्हणा."

 त्या वळल्या. हातात झारा तसाच.

"मुलगा टेक्सासला असतो, शुगर लँडला. सगळं एका मजल्यावर. कधीचा बोलावतोय. मला काही टेक्सास आवडतं असं नाही. पण गेल्या वर्षी हे मनोऱ्याच्या छपरावर चढले. सत्तरी उलटलेला माणूस! पाटी निसटलीय म्हणे, पाणी मुरतंय. पाय घसरला. पन्हळीला धरून लोंबकळत राहिले. समोरच्या घरातला माणूस शिडी घेऊन धावला म्हणून आज आहेत." त्यांनी पोह्यांवर झाकण ठेवलं. "घराचं काय घेऊन बसलात? ते शंभर वर्षं पडत नाहीये. हे पडतील."

"वहिनी, मी जे दिसेल तेच सांगीन," मी म्हणालो. हे मी आयुष्यभर म्हणत आलो आहे, पण तेव्हा ते मलाच जरा कोरडं वाटलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "लिंबू पिळू का?"

न्याहारीनंतर डॉक्टर मला बेसमेंटमध्ये घेऊन गेले. दगडी पाया उत्तम होता, कुठे ओल नाही, कुठे भेग नाही. मी तसं म्हणालोही. डॉक्टर बॉयलरशी थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दिवेकर, एक सांगू? शालिनीच्या मनात इथून निघायचं आहे. ती बोलत नाही, पण मला कळतं. तुम्ही जाणकार आहात. घर ठणठणीत आहे, काळजीचं कारण नाही, एवढं तिच्यासमोर बोला. बारीकसारीक काही दिसलं तर मला एकट्याला सांगा. मी बघून घेईन."

"म्हणजे तुम्ही चढाल."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" असं म्हणून ते हसले.

नोकरीत असताना लोक मला खूप काही सांगायचे. इमारत पाडा म्हणून, नका पाडू म्हणून. पण एकाच सकाळी, एकाच छपराखाली, एकमेकांच्या काळजीपोटी दोन उलट खोट्या गोष्टी सांगायची गळ मला कुणी घातली नव्हती.

गोल खोली

तपासणी दुपारपर्यंत चालली. मुग्धा टॉर्च धरायला बरोबर होती. हे घर म्हणजे लाकडाचा पिंजरा. तळापासून छपरापर्यंत सरळ उभ्या पट्ट्या, त्यांना आतून-बाहेरून फळ्या. आपल्याकडे भिंत घराला उचलून धरते, इथे भिंत म्हणजे पोकळ पेटी. मला हे बांधकाम आधी पोरकट वाटलं होतं. पण ज्या वाऱ्यात ते इतकी वर्षं उभं आहे, त्या वाऱ्यात तसं लवचीकच पाहिजे. मुख्य घरात मला खोड काढता आली नाही. जिना, तुळया, मधली छपरं, वरच्या मजल्यावरची नाचाची लांब खोली, सगळं सरळ होतं.

राहिला मनोरा.

मनोऱ्यातली खालची गोल खोली हा डॉक्टरांचा अभिमान. भिंतीचं अर्धं अंग ओकच्या पॅनेलांनी मढवलेलं आणि तीही भिंतीबरोबर वळवलेली. एवढं जाड लाकूड वाफेवर वाकवून वर्तुळात बसवणं सोपं नाही. डॉक्टरांनी त्यावरचा हिरवा रंग काढायला दोन हिवाळे घेतले होते. आता ती मधासारखी झळकत होती. मी गुडघ्यावर बसलो, खालच्या पट्टीशी नाक नेलं. मेणाच्या पॉलिशचा वास, आणि त्याखाली दुसरा एक. ओल्या पोत्याचा.

"डॉक्टर, एक पॅनेल काढावं लागेल."

"का? वरून काही दिसतंय का?"

"वरून काही दिसत नाही. म्हणूनच."

ते मग स्वतः जाऊन पटाशी घेऊन आले. मुग्धा म्हणाली, "काका, मी हेल्प करू?" त्यांनी नको अशी मान हलवली. गुडघे टेकले, पट्टीच्या सांध्यात पटाशी घातली. त्या वयातही हात जराही कापत नव्हता. पॅनेल अखंड निघालं, एक ओरखडा न उमटता.

मागे काळं होतं. उभ्या पट्ट्या खालून हातभर मऊ पडलेल्या आणि ज्या आडव्या तुळईवर सगळा मनोरा उभा, ती तुळई म्हणजे भिजलेला भुसा. मी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. मनोऱ्याची टोपी आणि घराचं छप्पर जिथे मिळतात त्या खोबणीतून पाणी कित्येक वर्षं आत उतरत असणार. पॅनेलांना रंग होता तेव्हाही, आणि त्यांना पॉलिश होत होतं तेव्हाही.

मी काही सांगायची गरज नव्हती. डॉक्टर वाकून नुसते पाहत होते. मग त्यांनी दोन बोटं आत घातली, थोडंसं लाकूड चिमटीत घेतलं, चुरलं.

"हे मी पूर्वी पाहिलंय," ते म्हणाले. "पोट उघडायचं, बघायचं आणि काही न करता परत शिवायचं. नातेवाईक बाहेर बसलेले असतात. त्यांना जाऊन सांगायचं असतं."

बोटं पुसून ते उठले. "चला. सांगू या."

जेवणाच्या टेबलावर

जेवताना मी बोललो. जसं दिसलं तसं. घर भक्कम आहे, नीट राखलं तर अजून शंभर वर्षं काही होत नाही. मनोरा गेलेला आहे. दोन-तीन हिवाळ्यांत बर्फाच्या वजनानं तो झुकेल आणि झुकला तर घराचा कोपरा घेऊन जाईल. एक तर तो तळापासून नवा बांधायचा, नाही तर उतरवायचा. उतरवला तर घराला धोका नाही.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या बाजूनं बोललो नव्हतो आणि विरुद्धही नाही. डॉक्टर ताटात बोट फिरवत होते.

"नवा बांधू," ते म्हणाले. "तसाच. ओक मिळेल. पाट्या मिळतील. मी माणसं बघतो."

"बांधता येईल," मी म्हणालो. "पण पाणी त्या खोबणीतूनच येतं आणि ती खोबण तशीच राहणार. दरवर्षी कुणीतरी वर जाऊन बघायला हवं."

"कोण जाणार?" वहिनींनी विचारलं.

"मी आहे ना."

"नाही."

एवढंच. आवाज चढला नाही. मुग्धानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"शालू, हा मनोरा काढला तर हे घर..." डॉक्टरांनी ताट सरकवलं. "लोक लांबून मनोरा बघून ओळखतात. बॅस्कॉमचं घर म्हणजे मनोरा."

"बॅस्कॉमचं असेल," वहिनी म्हणाल्या. "त्याची पणती एकदा कॅलिफोर्नियाहून आली होती, आठवतंय? तुम्ही तासभर सगळं समजावत होतात. तिनं एक फोटो काढला, बाथरूम कुठाय विचारलं आणि गेली. तिला नव्हतं पडलेलं. मला घराचा राग नाही हो. मी इथेच राहीन. थंडीत राहीन, तीन खोल्या तापवून राहीन. पण तुम्ही पुन्हा त्या छपरावर चढलात, तर मी टेक्सासला जाईन. एकटी."

डॉक्टर बायकोकडे पाहत राहिले. मला वाटतं, ती निघायचं म्हणते ते घराला कंटाळून, असं ते इतके दिवस धरून चालले होते. त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांना कधी सांगावं असं तिलाही वाटलं नव्हतं. सासरच्या माणसांसमोर भांडायचं नाही ही रीत दोघांनी इथेही पाळलेली. फक्त इथे सासरचं माणूसच कुणी नव्हतं.

ते उठून गेले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दिसले नाहीत. मी आणि मुग्धा वाळूवरून फिरून आलो. मुग्धा चिडली होती. "बाबा, थोडं सॉफ्टली सांगायचं ना! ट्वेंटी इयर्स लावलीत यार त्या माणसानं." मी म्हटलं, हळुवारपणे सांगितलं असतं तरी लाकूड तेवढंच कुजलेलं राहिलं असतं. ती म्हणाली, "तेच तर. यू नेव्हर गेट इट." बापाला मुलीची समज इंग्रजीतून मिळायला लागली की तो वाद सोडून द्यावा. मी सोडला.

रविवार

ऑक्टोबरातल्या एका रविवारी गावची जुनी घरं लोकांना बघायला खुली असतात. आमच्या मुक्कामातला शेवटचा दिवस नेमका तोच. सकाळपासून माणसं यायला लागली. म्हातारी जोडपी, लहान मुलं घेऊन आलेल्या बायका, गुलाबी गालांचे शेतकरी. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरात शिरताना चपला बाहेर काढतात. इथे दारात एक मोठी टोपली होती आणि त्यात बुटांवरून घालायचे कापडी मोजे. बॅस्कॉमच्या जमिनीचा आदर, पाहुण्याच्या पायांचा नव्हे. डॉक्टरांनी कोट-टाय घातला होता. माहिती सांगताना ते नेहमीसारखेच रंगले. कुऱ्हाड, नदी, शिकागो, पाइन. लोक हसायचे तिथे हसले.

मी मागे मागे फिरत होतो. गोल खोलीच्या दारात त्यांनी एक खुर्ची आडवी ठेवली होती. काढलेलं पॅनेल परत लावलेलं नव्हतं. बाहेरून ते काळं भोक स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, ते ही खोली वगळून पुढे जातील. पण ते खुर्चीपाशी थांबले.

त्यांचं इंग्रजी स्वच्छ आहे, पण त्यात वेंगुर्लं अजून आहे. ते जे म्हणाले ते मी मराठीत लिहितो. ते म्हणाले, "इथून पुढे जाता येणार नाही. हा मनोरा आतून कुजला आहे. माझ्या लक्षात आलं नाही. वसंतात आम्ही तो उतरवणार आहोत."

गर्दीतून एक उसासा निघाला. एक म्हातारी बाई म्हणाली, अरेरे, मी लहानपणापासून हा बघत आले. पुढचा एक माणूस म्हणाला, पैसे गोळा करता येतील, नवा बांधता येईल. डॉक्टरांनी त्याचे आभार मानले.

"नवा बांधला तर त्यावर चढायला माणूस लागेल," ते म्हणाले. "आणि माझ्या बायकोनं मला चढायची बंदी केली आहे."

लोक हसले. मी वहिनींना शोधलं. त्या जिन्याच्या तळाशी, मोज्यांची टोपली हातात घेऊन उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. त्यांनी टोपली खाली ठेवली, पदराचं टोक मुठीत धरलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी पाणी प्यायला म्हणून मागोमाग गेलो. त्या ओट्याशी उभ्या होत्या.

"तुम्ही माझं ऐकलं नाहीत ते बरं झालं, भावजी," त्या म्हणाल्या. "घर जाऊन उपयोग नव्हता. ह्यांनीच हो म्हणायला हवं होतं. म्हणाले." मग नाक पुसून लगेच, "डबा देते. वाटेत खा. इथलं बाहेरचं काही खाऊ नका, सगळ्यात चीज घालतात."

निघताना डॉक्टरांनी हात मिळवला, मग तो सोडून मला मिठी मारली. सर्जन लोक अशा वेळी काय बोलतात मला माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "रिपोर्ट चांगला दिलात."

मागाहून

नोव्हेंबरात मी परत आलो. मे महिन्यात मुग्धानं कळवलं की मनोरा उतरवला. क्रेननं आधी टोपी अलगद उचलली, मग मजला मजला करत बाकीचं. गावातली माणसं रस्त्यावर खुर्च्या टाकून बसली होती. पाट्यांचे तुकडे ज्याला हवे त्याला डॉक्टरांनी दिले. ते स्वतः दिवसभर हिरवळीवर उभे होते. वहिनी चहाची किटली घेऊन कामगारांत हिंडत होत्या.

ऑगस्टमध्ये मुग्धा दोन दिवस त्यांच्याकडे राहून आली आणि तिनं मला फोन केला. घराचा कोपरा आता सरळ बंद केला आहे. बाहेरून जरा ओकंबोकं वाटतं, ती म्हणाली, दात पडल्यासारखं. ओकची पॅनेलं बेसमेंटमध्ये रचून ठेवली आहेत. पण गोल खोलीच्या मागे जी झोपायची खोली होती, तिची बाहेरची भिंत आता मोकळी झाली. तिला कधी खिडकीच नव्हती. तिथे त्यांनी मोठी, साधी, पारदर्शक काचेची खिडकी बसवली. तिच्यातून थेट सरोवर दिसतं.

"बाबा, मी सकाळी उठले तर दोघं तिथे चहा घेत बसलेले. बोलत नव्हते काही. दूर एक मोठं मालवाहू जहाज चाललं होतं, फार हळू. मी काकांना विचारलं, डू यू मिस इट? मनोऱ्याची आठवण येते का?"

"मग?"

"म्हणाले, येते ना. मग खुर्ची सरकवली माझ्यासाठी आणि म्हणाले, बस इथे, जहाज बघ."